गुडघ्याएवढी उडी

घोडा म्हातारा झाला नव्हता, आंधळा नव्हता आणि माजलेलाही नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण तेव्हा किहीमात सगळे हेच तीन बोलायचे आणि मीही त्यांच्यात होतो. खरं काय ते एकट्या माझ्या बायकोला कळलं. ती गेली त्याला आता चार महिने होतील. माझं शिक्षण तिसरी. अक्षर लागतं, एवढंच. घरात बोलायला कोणी राहिलं नाही म्हणून लिहायला बसलोय.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा. किहीमला मुंबईच्या एका शेठची नारळ-पोफळीची वाडी होती, समुद्राला लागून. मी पोरवयात मुंबईच्या तबेल्यात राहिलेला, खराऱ्यापासून नालापर्यंत सगळं हाताखालून गेलेलं, म्हणून शेठनं मला घोड्याची निगा राखायला मोतद्दार ठेवला. वाडीच्या कडेला एक खोली दिली. भिंती कुडाच्या, पण वर कौलं. तोवर आम्ही दोघं भावाच्या पडवीत राहत होतो. भावजय वाईट नव्हती, पण चुलीशी गेलं की माझ्या बायकोला सरकून बसावं लागायचं. या खोलीत आल्यावर बायकोनं पहिल्या दिवशी चूल मांडली आणि तिच्यापुढं नुसतीच बसून राहिली, पाय लांब करून. हे सांगतोय ते उगाच नाही. पुढं मी जे केलं ते त्या खोलीपायी केलं.

घोडा मुंबईहून मचव्यातून आला. तांबूस काळा, कपाळावर बोटभर पांढरं. वय चौदा-पंधरा. शर्यतीतला नव्हे, उड्यांच्या खेळातला. माणसाच्या छातीएवढ्या आडव्या बांबूंवरून उड्या मारून त्यानं शेठच्या घरात कप आणून ठेवले होते. आता आरामाला इकडं धाडला. शेठ सणासुदीला, सुट्टीला येणार, पुळणीवर म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत सकाळी फेरी मारणार, एवढंच त्याला काम.

आता तबेला होता रस्त्याच्या बाजूला आणि पुळण वाडीच्या पलीकडं. मधे सगळी वाडी. रहाटाचं पाणी झाडांना नेणारे मातीचे पाट, हातभर रुंद, एकामागून एक दहा-बारा. कुठं पाणी अडवायला पोफळीचा ओंडका आडवा टाकलेला. घोड्याला सकाळ-संध्याकाळ यातूनच न्यायचा. पहिले काही दिवस त्यानं काय केलं, तर पाट दिसला की उडी. ओंडका दिसला की उडी. त्याचा जन्म त्यातच गेलेला. पण उतरताना टापेनं पाटाची कड ढासळायची, पाणी भलतीकडं जायचं, पोफळीची रोपं तुडवली जायची. रहाटावर एक म्हातारा होता, शेठच्या बापाच्या वेळेपासूनचा. तो ओरडत यायचा.

"घोडा हाय का रेडा? पुन्हा माझा पाट फोडलान."

"आजोबा, उडी मारतो तो. त्याला मी काय करू?"

"चालायला शिकव. माणसं चालतात तशी. न्हायतर शेठला सांगतो, मोतद्दार बदला म्हणून."

म्हाताऱ्याचा शब्द चालायचा. मी घोड्याला चालायला शिकवलं. कसं, ते सांगतो. पाटाजवळ आलं की घोडा अंग गोळा करतो, पुढचा भाग हलका होतो, हे हातातल्या लगामाला कळतं. त्याच क्षणी तोंडातल्या कडीला खाली हिसका द्यायचा. चांगला जोरात. एका पाटाला एक हिसका, रोज दोन खेपा. तीन महिन्यांत घोडा असा झाला की पाट आला की थांबायचा, मान वर करायचा आणि एकेक पाय उचलून पलीकडं ठेवायचा, सासरी आलेल्या नव्या सुनेसारखा. म्हाताऱ्यानं खूश होऊन मला शहाळं पाडून दिलं. मला पण बरं वाटलं होतं. जनावराला वळण लावलं म्हणून.

अशी दोन वर्षं गेली.

मग शेठच्या मुलीला उड्या शिकायची हौस आली. बारा-तेरा वर्षांची असेल. एकुलती एक, पण लाडावलेली नव्हती. तबेल्यात आली की आधी घोड्याला हात लावायची, मग माझ्याशी बोलायची. शेठ म्हणाले, शिकाऊ पोरीला जाणता घोडाच पाहिजे, हा तिला शिकवील. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी पुळणीवर दोन दगडांवर पोफळीचा ओंडका ठेवला. गुडघ्याएवढा. हसण्यासारखी उंची. घोडा दुडक्या चालीनं आला, ओंडक्यापाशी थबकला, मान वर केली आणि पुढचा एक पाय उचलून ओंडक्यापलीकडं टाकला. दुसरा टाकायला गेला तोवर ओंडका दोन्ही पायांत आला आणि तो गुडघ्यांवर आपटला. पोरगी वाळूत. लागलं नाही, पण सगळे बघत राहिले.

शेठनं मुलीला बाजूला केलं, ओंडका स्वतःच्या छातीएवढा चढवला आणि स्वतः बसले. घोडा पाखरासारखा गेला. पुन्हा गुडघ्याएवढा केला. पुन्हा पाय टाकला, पुन्हा आपटला.

त्या दिवशी प्रत्येकानं आपलं शहाणपण सांगून घेतलं. कोणी म्हणालं नजर गेली, कोणी म्हणालं वय झालं. रहाटावरचा म्हातारा म्हणाला, "मोठ्या घरात वाढलेलं जनावर, बारक्या कामाला हात लावीत न्हाय." शेठना ते पटलं. मला म्हणाले, "मस्ती आहे. बारक्या उडीला कमी समजतोय. तू पायावर बांबू मार. उडी घेताना बरोबर नळीवर. मुंबईत असंच करतात."

"जी शेठ."

"दिवाळीला आम्ही येऊ. तोपर्यंत गुडघाभर उडी चोख पाहिजे. नाहीतर रेवसचा टांगेवाला मागतोच आहे, त्याला देऊन टाकू. मी मुलीसाठी दुसरा आणतो."

रेवस-अलिबाग रस्त्यावरचे टांग्याचे घोडे मी रोज बघत होतो. लाँच लागली की एका टांग्यात सहा माणसं, वर सामान, आणि चढाला चाबूक. तिथं घोडा तीन-चार पावसाळ्यांपेक्षा जास्त टिकत नाही. याच्यासारखा, पायानं नाजूक, तर नाहीच.

म्हणजे दिवाळीपर्यंत गुडघाभर उडी, नाहीतर टांगा. मला घोडा वाचवायचा होता, म्हणून मी बांबू घेतला. असं म्हटल्यावर कोणाला हसू येईल. पण मी खरंच त्याला वाचवायलाच मारत होतो. रोज सकाळी ओंडक्यावरून त्याला न्यायचा, पाय उचलला की नळीवर फटका. घोडा थरथरायचा, मान आभाळाला लावायचा आणि पायच टाकायचा. नळ्या सुजल्या. बायको संध्याकाळी हळद-तेल गरम करून आणायची आणि त्याच्या पायांशी बसून लावायची. बोलायची काही नाही.

पावसाळ्यापुरतं ते थांबलं, समुद्र खवळलेला, पुळण राहिलीच नव्हती. गणपती झाले आणि मी पुन्हा बांबू काढला. तेव्हा ती बोलली. अंगणात सुपारी सोलत बसली होती.

"ठेवा तो बांबू."

"का?"

"तुमीच शिकवलंय त्याला ते."

"काय शिकवलंय?"

"उडी मारू नकोस म्हणून. दोन वर्षं इथं बसून बघतेय मी. बारकं काय दिसलं की तुमी त्याचं तोंड फाडता. मोठ्याला न्हाय फाडलंत, मोठं तो मारतो. जनावर सांगितलेलंच करतंय आणि तुमी त्याला मारताय."

हातात तोबरा होता तो मी भिंतीवर फेकला. म्हटलं, बायकांनी घोड्यात तोंड घालू नये. सगळ्या तबेल्यांत मी वाढलो, तू कधी शेळी तरी पाळलीस काय. ती सुपारी सोलत राहिली. म्हणाली, "न्हाय पाळली. पण डोळे हायत."

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी घोड्याला घेऊन वाडीत गेलो, लगाम मुद्दाम सैल सोडला आणि नुसता बघत चाललो. पहिल्या पाटाशी घोड्याचं अंग गोळा झालं. मी काही केलं नाही. तरी त्यानं डोळे बारीक केले, मान वर झटकली, तोंड माझ्या हातापासून दूर नेलं आणि तसाच थांबला. हिसक्याची वाट बघत. हिसका येत नाही म्हटल्यावर एकेक पाय उचलून पलीकडं गेला. बाराच्या बारा पाटांना असंच. मी माघारी येऊन खोलीच्या मागं बसलो. मेलेल्या माणसासारखं वाटत होतं.

बायकोला मी एवढंच म्हटलं, "आता काय करायचं?"

तिनं विचारलं नाही, काय दिसलं म्हणून. म्हणाली, "वाडीतून न्यायचा न्हाय. आणि तोंडात लोखंड न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून घोडा वाडीबाहेरून, ओहोळाच्या कडेनं पुळणीवर जाऊ लागला. लांब पडायचं, पण पाट नव्हते. लगाम काढला, नुसती म्होरकी घातली, दोरीची. ओंडका गुडघ्याएवढाच ठेवला, पण त्याच्याखाली आणि पुढं-मागं बायकोनं सुक्या झावळ्यांचा भारा रचला. पाय टाकायला जागाच नको, असा आडवातिडवा पसारा. उंच नाही, पण रुंद. ती पलीकडं उकडलेलं रताळं घेऊन उभी राहायची, पदर खोचून. मी घोड्याला दोरीवर पळवत आणायचो. पहिले पाच-सहा दिवस तो झावळ्यांपाशी येऊन उभाच राहायचा, तोंड वर करून. मी हात मागं बांधून उभा. बायको म्हणायची, "ये रे बाबा, आता कोण न्हाय मारत." मारणारा तिथंच उभा होता.

सातव्या की आठव्या दिवशी गेला. असा गेला की झावळीला केससुद्धा लागला नाही. बायको हसली. त्या सगळ्या महिन्यात मी तिला हसताना तेवढंच बघितलं.

मग आम्ही रोज चार-चार झावळ्या कमी केल्या. कधी दोन पावलं पुढं, कधी चार मागं. ओंडका उघडा पडत गेला तसा घोडा पुन्हा पाय टाकायला बघायचा, मग पुन्हा झावळ्या घालायच्या. नवरात्र गेलं, दसरा गेला. मी नुसत्या पाठीवर बसून, म्होरकीवर, त्याला ओंडक्यावरून नेऊ लागलो. दिवाळीला आठ दिवस असताना नुसता ओंडका, खाली काही नाही, घोड्यानं पाच वेळा चोख मारला. सहाव्यांदा मीच नेला नाही.

पण एक दिवस मी मुद्दाम तोंडात कडी घालून बघितलं. ओंडक्यापाशी माझा हात जरा जड झाला, नुसता जड, हिसका नव्हे. घोड्यानं मान वर केली आणि पाय टाकला. दोन वर्षांचं ते आत बसलेलं, दीड महिन्यात कुठं जाणार.

बायको म्हणाली, "शेठना सांगा. पोरीला म्होरकीवर बसवा, लगाम नको. आणि का नको तेही सांगा. न्हायतर ते ऐकायचे न्हायत."

"का म्हणजे?"

"म्हणजे माझ्या हातानं बिघडला, असं."

"आणि खोली गेली तर?"

तिनं खोलीकडं बघितलं. ते मी बघितलं. मग म्हणाली, "जाऊ दे. भावाची पडवी हाय." तिनं हे म्हणायला किती जोर लावला ते मला ठाऊक आहे. मी म्हटलं, सांगतो.

दिवाळीला शेठ आले. बरोबर दोन पाहुणे, मुंबईचेच. मुलगी आल्या आल्या तबेल्यात गेली. शेठनं नवीन लगाम आणला होता, चकचकीत. पुळणीवर एकापुढं एक असे दोन ओंडके मांडायला लावले. सगळे जमले, रहाटावरचा म्हातारासुद्धा. मी शेठजवळ गेलो.

"शेठ, एक बोलायचं होतं."

"बोल ना."

"ताईंना म्होरकीवर बसवलं तर बरं होईल. लगाम नको."

पाहुणे हसले. शेठही हसले. "अरे, माझी मुलगी काय कुंभाराच्या गाढवावर बसते? का नको लगाम?"

तिथं सांगायचं होतं. शेठ थांबले होते माझ्या तोंडाकडं बघत, घाईत नव्हते. म्हातारा बाजूलाच उभा. लांब सुरूच्या झाडांपाशी बायको होती. मला वाटलं, घोडा पाच वेळा गेलाय, आज पण जाईल. मग कशाला स्वतःच्या हातानं. म्हटलं, "काही नाही शेठ, तोंड जरा नाजूक आहे."

"ती हलका हात ठेवील," शेठ म्हणाले.

ठेवलाही होता बिचारीनं. पहिला ओंडका घोडा गेला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पण उतरताना मुलीचा तोल पुढं गेला, रिकिबीतला पाय सुटला आणि घाबरून ती लगामाला लटकली. दुसरा ओंडका समोरच होता. घोड्याची मान आभाळाला लागलेली मी बघितली आणि पुढचं मला बघायचं नव्हतं. त्यानं एक पाय उचलून पलीकडं ठेवला. पळत असताना. दोघंही कोसळली.

मुलीचा हात मोडला, कोपराच्या खाली. घोड्याचे दोन्ही गुडघे फुटले. तो उठला आणि तिथंच उभा राहिला, मान वर करून, अजून हिसका यायचाय असा.

शेठ ओरडले नाहीत. मुलीला अलिबागला न्यायची व्यवस्था केली, मग माझ्याजवळ आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "तुझा दोष नाही. तू मेहनत केलीस, मला म्हाताऱ्यानं सांगितलं. जनावरच फुकट गेलं." आणि जखमा भरल्या की टांगेवाल्याला देऊन टाक म्हणाले. तेव्हा तरी बोलायचं. मी म्हटलं, जी शेठ.

कार्तिकात मी स्वतः त्याला चोंढीच्या नाक्यापर्यंत नेला. वाडीतून नव्हे, बाहेरून. टांगेवाल्यानं त्याचे दात बघितले, गुडघे दाबले, म्हणाला, "उडी-बिडी मारीत न्हाय ना हा?" म्हटलं, नाही मारत.

तीन पावसाळे तो त्या रस्त्यावर दिसायचा. बायको बाजाराला जाताना रताळं न्यायची, टांगा उभा असला तर द्यायची. त्या टांग्यात ती कधी बसली नाही, अलिबागपर्यंत चालत जायची. मी नाक्यावर जाणंच टाकलं. चौथ्या पावसाळ्यानंतर टांग्याला दुसरा घोडा होता. कुठं गेला म्हणून तिनं विचारलं असेल. मला सांगितलं नाही.

पुढं साठ सालानंतर शेठनं वाडी विकायला काढली. विकायच्या आधी मुलगी एकदा बघायला आली. लग्न झालेलं, नवरा गाडीत बसलेला. आमच्या खोलीपाशी आली. बायकोनं शहाळं फोडून दिलं. ती उभ्या उभ्या प्यायली आणि तबेल्याकडं बघत म्हणाली, "काका, त्या दिवशी मी लगामाला लटकले नसते तर तो राहिला असता. बाबा तसं म्हणायचे नाहीत. पण मला माहीत आहे. मी नंतर घोड्यावर कधी बसलेच नाही."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. काही रागानं नव्हे. जागा करून दिल्यासारखं.

मी म्हटलं, "जाऊ द्या ताई. जनावर होतं ते."

मुलगी गेली. गाडीचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत बायको तिथंच उभी होती. मग खाली वाकून रिकामं शहाळं उचललं आणि म्हणाली, "आता तर खोली पण जाणार होती. आता काय भ्यायचं होतं तुमाला?"

महिनाभरात नव्या मालकानं खोली पाडली आणि आम्ही भावाच्या पडवीत गेलो.

पुढं तीस वर्षांवर आम्ही एकत्र काढली. पोरं झाली नाहीत, भांडणं झाली, आजारपणं झाली. तिनं घोड्याचं नाव पुन्हा काढलं नाही. शेवटचे दोन महिने ती अंथरुणावर होती, मी दिवसभर उशाशी. वेळ भरपूर होता. पाणी पाजलं, पाय चेपले, सगळं बोललो. तुझं बरोबर होतं, एवढं म्हणायचं होतं. रोज वाटायचं, उद्या म्हणू.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी मी त्या वाडीवर गेलो, शेठच्या मुलीचा पत्ता मिळतो का बघायला. तिथं आता दगडी भिंत आहे. फाटकावरच्या माणसाला शेठचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, असं कोणी इथं नव्हतंच. रहाट नाही, पाट नाहीत, पाणी नळीनं जातं.

लोक म्हणतात, बायकोला कळलंच असेल तुमच्या मनातलं, एवढी वर्षं संसार केला. कळलं असेल. पण मी म्हटलं नव्हतं.